बटणांचा कैवार

इ. स. २०२५ च्या ऑगस्ट महिन्यांत आपल्या देशांतील असंख्य लोकांना आपलाच फोन ओळखूं येईना. फोन तोच, त्याचा नादही तोच. पण तो वाजूं लागला म्हणजे पडद्यावर जें चित्र उमटे तें मात्र निराळें. उचलण्याची खूण बदललेली, नाकारण्याची बदललेली, आणि ज्या जागीं रोज बोट ठेवावयाचें त्या जागीं भलतेंच कांहीं. अँड्रॉइड जातीच्या पुष्कळ फोनांत गुगल कंपनीचें जें फोन करण्याचें अ‍ॅप असतें, त्याचें रूप कंपनीनें बदललें होतें. तें कोणीं मागितलें नव्हतें. बदलण्यापूर्वीं कोणास विचारलेंही नव्हतें. कित्येकांस फोनांत चोर शिरला कीं काय अशी धास्ती पडली. जुनें रूप परत कसें मिळवावें याच्या कृति वर्तमानपत्रांनीं छापल्या, चार दिवस थट्टामस्करी झाली आणि प्रकरण मिटलें.

तें इतक्या लवकर मिटावयास नको होतें असें आम्हांस वाटतें. घरच्या दाराची कडी रात्रींतून कोणी परक्यानें उजवीकडून डावीकडे बसविली, तर आपण तिला सुधारणा म्हणणार नाहीं. प्रथम त्या परक्यास घरांत येण्याचा अधिकार कोणीं दिला, हें विचारूं. फोनाच्या बाबतींत हा प्रश्न आपल्या मनांतही येत नाहीं, इतके आपण गेल्या वीस वर्षांत नरम झालों आहों. आणि हें नरम होणें सुरू कोठें झालें हें पाहूं गेल्यास माग बटणाशीं जाऊन पोहोंचतो. खरें बटण परक्यास रात्रींतून हलवितां येत नाहीं. रंगविलेलें येतें.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. प्रत्येक फोनावर थोडीं कां होईनात, पण हातास लागणारीं आणि जागा न सोडणारीं बटणें असलीं पाहिजेत. तीं काढून टाकल्यानें माणसाच्या हातानें सरावानें मिळविलेलें ज्ञान निरुपयोगी झालें, आणि जो लगाम वापरणाऱ्याच्या हातांत होता तो बनविणाऱ्याच्या हातीं गेला. ही हानि सर्वांस सारखी पोहोंचत नाहीं. तरुणास, धडधाकटास, ज्याचे हात कोरडे व मऊ आहेत त्यास ती जाणवतही नाहीं. आणि फोन कसे असावेत हें ठरविणारी मंडळी बहुशः याच वर्गांतली असल्यामुळें उंटावरून शेळ्या हांकण्याचा हा प्रकार निर्वेध चालला आहे.

प्रतिपक्षाचें म्हणणें त्याच्या उत्तम वकिलाच्या तोंडून ऐकणें न्याय्य होय. ता. ९ जानेवारी २००७ रोजीं सॅन फ्रान्सिस्को शहरीं अ‍ॅपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्स यांनीं पहिला आयफोन लोकांपुढें ठेवला, तेव्हां त्यांनीं मोटोरोला, ब्लॅकबेरी, पाम आणि नोकिया या चार कंपन्यांचे तत्कालीन फोन पडद्यावर दाखविले आणि त्यांच्या खालच्या भागाकडे बोट केलें. त्यांचा मुद्दा असा होता कीं, या फोनांवरच्या कळा प्लास्टिकांत कायमच्या बसविलेल्या आहेत. त्या हव्या असोत वा नसोत, तेथेंच असणार. प्रत्येक कामास निराळीं बटणें लागतात, आणि सहा महिन्यांनीं एखादी नवी कल्पना सुचली तर विकून गेलेल्या फोनावर नवें बटण धांवत जाऊन कसें बसवावें? तेव्हां बटणें अजीबात काढा, सर्व अंग पडद्याचें करा, आणि ज्या कामास जें बटण हवें तें त्या वेळेपुरतें चितारा.

युक्तिवाद लेचापेचा नाहीं. ज्या यंत्रांत नकाशा, शब्दकोश, कॅमेरा, पत्रपेटी आणि पैशाची थैली एकत्र नांदतात, त्यास बारा कळांनीं पुरें कसें पडावें? रस्ता शोधतांना नकाशा दोन बोटांनीं ताणून मोठा करावा, ही सोय पाहून आम्हीही चकित झालों होतों, आणि ती सोडून द्या असें आम्ही कोणास सांगणार नाहीं. परंतु या युक्तिवादाच्या पोटांत एक गृहीत दडलेलें आहे, आणि तें कोणी तपासलें नाहीं. कळ जागची हलत नाहीं, हा तिचा दोष आहे असें जॉब्स यांनीं धरून चालले. आम्ही विचारतों, हा दोष कीं गुण?

पेटीवर साथ करणारा वादक गायकाच्या मुखाकडे पाहत असतो. सुरांकडे पाहत नाहीं. काळ्या पट्ट्या उंच, पांढऱ्या सखल, आणि सगळ्या आपापल्या जागीं, म्हणून त्याच्या बोटांस डोळ्यांची गरज लागत नाहीं. टंकलेखनाच्या वर्गांत मिनिटास तीस नि चाळीस शब्दांच्या परीक्षेसाठीं मुलेंमुली ज्या महिनोन्‌महिने घोकंपट्टी करीत, तिचें सारें मर्म कळांकडे न पाहतां लिहिण्यांत होतें. संगणकाच्या कळपाटीवर एफ आणि जे या दोन इंग्रजी अक्षरांच्या कळांवर जो बारीक उंचवटा असतो, तो कित्येक वाचकांनीं आजवर पाहिलाही नसेल. त्यांच्या तर्जनींनीं मात्र तो दररोज वाचलेला आहे. फोनाच्या पांच या आंकड्यावरही तसाच एक ठिपका असे. हा एक ठिपका बोटास लागला कीं उरलेले नऊ आंकडे अंधारांतही सांपडत. हातच्या कांकणाला आरसा कशाला, ही आपली जुनी म्हण बटणाच्या फोनास अक्षरशः लागू होती. आज कांकण काढून घेऊन आरसा तेवढा हातांत दिला आहे.

आणि हे बारा आंकडे-खुणांचे चौकोन कोणीं सहज जाता जाता मांडले होते असें कोणीं समजूं नये. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत जॉन कार्लिन यांच्या हाताखालच्या विभागानें या एका प्रश्नावर बारकाईनें प्रयोग केले. कळा वर्तुळांत असाव्या, दोन ओळींत असाव्या कीं तीन-तीनच्या रांगांत, त्यांचा आकार केवढा, दाबावयास जोर किती लागावा, दबली हें बोटास कसें कळावें, अशा अनेक गोष्टी माणसांकडून आंकडे दाबून घेऊन पडताळल्या. डीनिंजर यांचा त्याविषयींचा प्रबंध १९६० सालीं प्रसिद्ध झाला, आणि १९६३ च्या नोव्हेंबरांत अशा बटणांचे फोन पेनसिल्व्हेनियांतील दोन लहान गांवीं सुरू झाले. ती मांडणी पुढें सगळ्या जगानें उचलली. मुंबईच्या व्यापाऱ्यानें शिकलेली बोटें लंडनच्या फोनावरही चालत. दहा वर्षांनीं नवा फोन घेतला तरी तींच बोटें चालत. एवढ्या मोठ्या शिदोरीची किंमत काय? ती कोणत्याही कंपनीच्या जमाखर्चांत दिसत नाहीं, म्हणून ती फुकट समजून टाकून देण्यांत आली.

आतां या कांचेच्या पडद्याची घडण पाहूं. कांचेखालीं विजेचें एक अतिसूक्ष्म जाळें असतें. बोट जवळ आलें कीं त्या ठिकाणच्या विद्युद्भारांत फरक पडतो, आणि त्या फरकावरून बोट कोठें आहे हें यंत्र ताडतें. म्हणजे यंत्रास बोट कळतें, पण बोटास यंत्र कळत नाहीं. कांच सगळीकडे सारखी गुळगुळीत. बटणाच्या आंत बोट आहे कीं बाहेर, दबलें कीं नाहीं, हें सांगण्यास डोळाच हवा. बरें, यंत्रास तरी बोट नेहमीं कळतें काय? पाण्याचा थेंबही विद्युद्भार हलवितो. त्यामुळें आषाढांत भर रस्त्यांत फोन वाजला, छत्री एका हातीं, पडद्यावर पांच-सहा थेंब, तर यंत्र थेंबालाच बोट समजतें आणि खऱ्या बोटास ओळख देत नाहीं. हाताची कातडी कामानें जाड झाली, घट्टे पडले, तर त्या घट्ट्याखालचा माणूस यंत्रास नीट दिसत नाहीं. मासळी विकणारी कोळीण, सिमेंटांत हात असलेला गवंडी, कांदा भरणारा हमाल, पिठाचे हात असलेली आपली गृहिणी, हीं माणसें अपवाद आहेत काय? आमच्या हिशेबीं मऊ आणि कोरड्या बोटांचा माणूसच या देशांत अपवाद आहे.

आमच्या नात्यांतील एका वृद्ध आत्याबाईंच्या हातीं नातवानें मोठ्या प्रेमानें नवा फोन दिला. जुन्या फोनाचें हिरवें बटण त्यांना अंथरुणांत पडल्या पडल्या सांपडे. नव्यांत फोन आला म्हणजे एक वाटोळी खूण थरथरूं लागे. ती दाबावयाची नसून एका दिशेला सरकवावयाची होती. पण फोन झोपलेला असेल तर सरकवावयाची, आणि पडदा आधींच उजळलेला असेल तर नुसती टेकवावयाची, असा आणखी एक पोटनियम होता. आत्याबाई चौथ्या-पांचव्या घंटेपर्यंत खुणेशीं झटत आणि मग फोन बंद होई. 'मला आतां कांहीं जमत नाहीं रे,' असें त्या म्हणूं लागल्या. नव्वदीकडे झुकलेल्या ज्या बाई अद्यापि लोकरीचें विणकाम न पाहतां करतात, त्यांना त्यांचे हात निकामी झाल्याचें एका कांचेनें पटवून दिलें! यांत्रिक गैरसोय आम्ही सोसूं. पण माणसास स्वतःविषयीं असें खोटें पटविण्याचा गुन्हा आम्हांस क्षम्य वाटत नाहीं.

गंमत अशी कीं, बटणाशिवाय भागत नाहीं हें बनविणाऱ्यांस ठाऊक आहे. २०१६ सालच्या आयफोनावर पुढचें वाटोळें बटण दिसावयास होतें, पण तें हलत नसे. बोट टेकलें कीं आंतली एक बारीक मोटर ठोका देई आणि बोटास कळ दबल्याचा भास होई. पुढल्याच वर्षीं निघालेल्या निराळ्या नमुन्यांत तें बटणही गेलें आणि त्याच्या जागीं खालून वर बोट सरकविण्याची क्रिया आली, जिची पडद्यावर धड खूणही नाहीं. आधीं वस्तु होती, मग वस्तूचा भास आला, मग भासाची नुसती आठवण उरली. आमच्या जुन्या तत्त्वज्ञांनीं मायेची उत्पत्ति इतक्या थोडक्यांत सांगितली असती तर विद्यार्थ्यांचे पुष्कळ श्रम वांचले असते.

परंतु प्रतिपक्षाच्या भात्यांत एक बाण असा आहे कीं तो त्यानें अजून आमच्यावर सोडलेला नाहीं. बहुधा आपल्याजवळ तो आहे हें त्यास ठाऊक नसावें. तो आम्हीच काढून दाखवितों. हा बाण म्हणजे आपली मराठी. बारा कळांच्या फोनावर मराठी लिहिणें हा छळ होता. एकेका कळेवर चार-पांच अक्षरें. हवें तें येईपर्यंत तीच कळ दाबीत राहावयाचें. मग काना, मात्रा, वेलांटी यांसाठीं दुसरी कळ. जोडाक्षर आलें कीं पाय मोडण्याची आणखी एक खटपट. 'आश्चर्य' हा शब्द लिहून होईपर्यंत आश्चर्य वाटण्यासारखें कांहीं उरत नसे. त्यामुळें सुशिक्षित महाराष्ट्रानें पंधरा-वीस वर्षें आपल्या आईबापांस, मुलांस, मित्रांस रोमन लिपींत मराठी पत्रें पाठविलीं. संगणकासाठीं देवनागरीची प्रमाण कळपाटी १९८६ सालींच ठरली होती. ती व्यवस्थित होती, शास्त्रशुद्ध होती. पण खिशांतल्या फोनावर ती मावणार कोठें? पडद्यावर रंगविलेल्या कळपाटीनें हें कोडें सोडविलें. जितकीं अक्षरें हवींत तितक्या कळा चितारतां आल्या, ज्यास जी मांडणी हवी त्यास ती मिळाली, आणि आज खेड्यांतली बाई आपल्या माहेरीं शुद्ध देवनागरींत निरोप धाडते. हें श्रेय पडद्याचें आहे. इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांच्या मापानें कापलेल्या कळांत आमची बाराखडी कधींच मावली नसती, हें जो नाकारील तो बटणांचा मित्र असेल, मराठीचा नव्हे.

मग आमचा पक्ष ढांसळला काय? मुळींच नाहीं. लिहिणें हें डोळ्यांचें काम आहेच. लिहिणारा माणूस लिहिलेल्याकडे पाहत असतो, थांबतो, खोडतो, पुन्हा लिहितो; तेथें पडदा खुशाल असावा. पण वाजणारा फोन उचलणें, तो बंद करणें, त्याचें तोंड मिटविणें आणि संकटांत हांक मारणें, या चार गोष्टी लिहिण्यासारख्या नाहींत. त्या घाईंत, अंधारांत, चालतांना, दुसरें कांहीं हातांत असतांना करावयाच्या असतात. पानावरचा मजकूर रोज बदलावा. पुस्तकाची बांधणी रोज बदलण्याचें कारण नाहीं. प्रतिपक्षाची चूक इतकीच कीं, मजकुरासाठीं जें योग्य ठरलें तें त्यानें बांधणीसही लावलें.

दुसरा आक्षेप अंधांच्या नांवानें घेतला जातो, आणि तो घेणारे बहुधा डोळस असतात. २००९ सालच्या आयफोनापासून पडद्यावर बोट फिरवितांना त्याखालचें नांव यंत्र बोलून दाखवूं लागलें. अँड्रॉइडांतही पुढें तशी सोय आली. ही कल्पना थोर आहे आणि तिनें पुष्कळांस वाचनलेखनाचें नवें दार उघडून दिलें, हें निःसंशय. परंतु तीमुळें डोळ्यांचें काम कानांवर आलें, हातांवर आलें नाहीं. दादर स्थानकाच्या पुलावर सायंकाळीं सहा वाजतां फोनाची कुजबुज ऐकूं येते काय, हें ज्यानें त्यानें जाऊन पाहावें. शिवाय बोलणाऱ्या पडद्यावरही खुणांचा क्रम लक्षांत ठेवावाच लागतो, आणि अपडेट आलें कीं तो क्रम मोडतो. दुकानांतून पैसे घेण्याचीं जीं लहान यंत्रें असतात त्यांचें तर विचारूंच नये. त्यांच्यावर जोंवर कळा होत्या तोंवर पांचावरच्या ठिपक्याच्या आधारें अंध मनुष्य आपला गुप्त आंकडा स्वतः दाबूं शके. आतां कांहीं यंत्रें नुसत्या कांचेचीं आलीं. गुप्त आंकडा दुकानदाराच्या कानांत सांगा, नाहींतर खरेदी सोडा! रिझर्व्ह बँकेनें १ जुलै २०१४ पासून बसविल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या एटीएम यंत्रास वाचा आणि ब्रेल कळा असाव्यात असें बँकांस फर्माविलें. म्हणजे भिंतींतल्या यंत्रास जी कळ हवी म्हणून सरकारी आज्ञा निघते, ती दुकानाच्या गल्ल्यावर काय म्हणून नको व्हावी?

उरलींसुरलीं बटणें तरी आपलीं राहिलीं आहेत काय? फोनाच्या कडेला एक कळ असते. ती दाबून धरली कीं फोन बंद होतो, हें आबालवृद्धांस पाठ होतें. आज कित्येक फोनांत ती दाबून धरली तर यंत्रांतला बोलका मदतनीस जागा होऊन 'काय हवें?' म्हणून विचारतो. फोन बंद करावयाचा असेल तर दुसरीही एक कळ जोडीनें दाबावी लागते. गडी तोच, आपल्याच दारांत उभा. पण आतां तो दुसऱ्याच्या पगारावर आहे.

आयफोनाच्या डाव्या अंगावर २००७ पासून एक लहानशी खिटी होती. ती एका बाजूस सारली कीं फोन मुका होई. सभागृहांत, वर्गांत, मंदिरांत खिशांत अंगठा घालून नुसत्या स्पर्शानें फोन बोलका आहे कीं मुका, हें कळे. कोणास दिसतही नसे. आम्ही वर्गांत शिकवितों, आणि व्याख्यान ऐन रंगांत असतां एखाद्या दप्तरांतून लावणी सुरू होणें म्हणजे काय, हें आम्हांस विचारावें. विद्यार्थी बिचारा दप्तरांतून फोन काढतो, त्याचा चेहरा ओळखूं येण्यासाठीं तो तोंडासमोर धरतो, चुकीची खूण दाबतो, आवाज आणखी वाढतो. तोंवर शेक्सपिअरही हंसूं लागलेला असतो. ती खिटी २०२३ च्या कांहीं नमुन्यांत आणि २०२४ पासून इतर नव्या नमुन्यांत गेली. तिच्या जागीं हवें तें काम नेमून देतां येईल असें एक बटण आलें. २०२४ सालीं कॅमेऱ्यासाठींही निराळें बटण आलें, आणि तें नवलाई म्हणून वाजतगाजत विकलें गेलें. छायाचित्र घेणाऱ्या तर्जनीला खरी कळ हवी असते, हा शोध कॅमेरा बनविणाऱ्यांनीं शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं लावला होता. बटण गरीब आत्याबाईंनीं मागितलें तर तें जुनाट, आणि महागड्या फोनावर आलें तर नवें, असा हा न्याय आहे.

ज्या यंत्रांवर माणसांचे प्राण अवलंबून असतात तेथें हा प्रश्न आतां थट्टेचा राहिलेला नाहीं. ता. २१ ऑगस्ट २०१७ रोजीं सिंगापूरजवळ अमेरिकेची 'जॉन एस. मकेन' ही युद्धनौका एका तेलवाहू जहाजावर आदळली आणि दहा खलाशी मृत्यु पावले. नौकेचें सुकाणू व वेग यांचा ताबा पडद्यावरून चाले. ताबा एका जागेवरून दुसऱ्या जागीं देतांना गोंधळ झाला, आणि दोन पंख्यांचा वेग एकदम कमी होत आहे असें वाटत असतां प्रत्यक्षांत एकाचाच होत होता, म्हणून नौका वळली. चौकशी करणाऱ्यांनीं मुख्य दोष अपुऱ्या शिक्षणावर व देखरेखीवर ठेवला, पण पडद्याच्या रचनेलाही मोकळें सोडलें नाहीं. २०१९ सालीं त्या आरमारानें अशा नौकांवर पुन्हा हातानें ढकलावयाचे दांडे बसविण्याचें ठरविलें. युरोपांत मोटारींच्या सुरक्षिततेस गुण देणारी 'युरो एनकॅप' ही संस्था आहे. वळणाचे दिवे, धोक्याचे दिवे, भोंगा, कांच पुसण्याचे दांडे आणि संकटाची हांक यांसाठीं खरीं बटणें वा दांडे नसतील तर पूर्ण गुण मिळणें कठीण, असें तिनें २०२६ पासूनच्या नियमांत घातलें आहे.

'फोन म्हणजे कांहीं युद्धनौका नव्हे,' असें यावर म्हणण्यांत येईल. आमच्या सरकारचें मत मात्र निराळें दिसतें. २०१६ सालीं केंद्र सरकारनें नियम केले, आणि १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनांत संकटसमयीं हांक मारण्याची सोय असली पाहिजे असें ठरविलें. ती सोय कशी असावी हें त्या नियमांत सांगितलें आहे, आणि तें वाचकांनीं नीट लक्षांत घ्यावें. साध्या फोनांत पांच किंवा नऊ या आंकड्याची कळ दाबून धरावयाची. पडद्याच्या फोनांत हांकेची खास कळ, अथवा कडेची चालू-बंद करण्याची कळ लागोपाठ तीनदां दाबावयाची. अंधाऱ्या रस्त्यानें घरीं जाणाऱ्या मुलीला पडद्यावर खूण शोधावयास सवड मिळणार नाहीं, पिशवींत हात घालून तिला जें सांपडेल तेंच तिचें, हें त्या नियमकर्त्यांस उमगलें होतें. आमचा सारा पक्ष या एका नियमांत सामावलेला आहे. जें अत्यंत महत्त्वाचें तें कळेवर असावें, ही गोष्ट कायद्यानेंच मान्य केली. आमचें म्हणणें इतकेंच कीं, महत्त्वाचें काय याची यादी फार आंखूड झाली. म्हाताऱ्या माणसास मुलाचा फोन उचलतां येणें हेंही महत्त्वाचें आहे.

कोणी म्हणतील, ज्यांस बटणें हवींत त्यांच्यासाठीं साधे फोन बाजारांत आहेतच कीं! आहेत, आणि थोडेथोडके नाहींत. २०२२ च्या मार्चमध्यें रिझर्व्ह बँकेनें साध्या फोनावरून पैसे देण्याची सोय सुरू केली, तेव्हां देशांत असे फोन चाळीस कोटींहून अधिक असल्याचें सांगण्यांत आलें होतें. ती सोय झाली हें उत्तमच. पण शाळेची सूचना, रुग्णालयाची वेळ, बँकेचा कागद, परदेशच्या मुलाचा चेहरा, हें सारें एकामागून एक अ‍ॅपांत जाऊन बसत आहे. बटण हवें असेल तर जग सोडा, आणि जग हवें असेल तर बटण सोडा, अशी ही निवड आहे. हिला निवड म्हणणें म्हणजे शब्दाची विटंबना होय. मोठा पडदा आणि चार खऱ्या कळा एकाच फोनावर नांदूं शकत नाहींत असें कोणत्याही शास्त्रानें सांगितलेलें नाहीं.

तेव्हां मागणी स्पष्ट शब्दांत मांडतों. २०१६ च्या नियमांस एक पुरवणी जोडावी. या देशांत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनाच्या कडेस, स्पर्शानें परस्परांपासून ओळखूं येतील अशा, फोन उचलण्याची, नाकारण्याची आणि आवाज मिटविण्याची कळ असावी. पुढचा भाग पडद्यानें खुशाल व्यापावा, तेथें आम्ही जागा मागत नाहीं. या कळांचें काम कंपनीनें परस्पर बदलूं नये. आणि पडद्यावरच्या ज्या खुणांनीं फोन उचलला-ठेवला जातो, त्या मालकानें होकार दिल्याशिवाय हलवूं नयेत. होकाराची चिठ्ठीही त्याला कळेल अशा त्याच्या भाषेंत असावी.

कारखानदारांचा शेवटचा आक्षेप पाण्याचा असतो. कळ म्हटली कीं फट आली, फट आली कीं पाणी शिरलें, म्हणून बटणें काढावीं लागलीं, असें तें म्हणणें. ऐकावयास हें शास्त्रीय वाटतें. परंतु २०१६ साली सॅमसंगचा गॅलेक्सी एस सेव्हन हा फोन निघाला. त्याच्या तोंडावर खरें दबणारें बटण होतें, कडेला आणखी तीन होतीं, आणि तरीही तो दीड मीटर पाण्यांत अर्धा तास टिकेल अशी कंपनीची ग्वाही होती.